आफ्रिकेतली ट्रॉफी शिकार: तुम्ही पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न

मेलेल्या सिंहामागे बंदूक घेऊन बसलेल्या माणसाचा फोटो दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर फिरतो, आणि पाठोपाठ आम्हाला त्याच प्रश्नांचे मेसेज यायला लागतात. संताप खरा असतो आणि प्रश्नही खरे असतात. म्हणून ते एका जागी मांडले आहेत. सोपे प्रश्न आधी आहेत, गुंतागुंतीचे नंतर. एकाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तिथे तो क्रमांक दिला आहे.

१. ट्रॉफी शिकार म्हणजे नेमकं काय?

सरकारी परवाना काढून, भरपूर पैसे मोजून, हौसेखातर केलेली शिकार. मारलेल्या जनावराचं मुंडकं, शिंगं, सुळे किंवा कातडं शिकारी घरी नेतो. ती वस्तू म्हणजे ट्रॉफी. येणारे शिकारी बहुतेक अमेरिकेतले आणि युरोपातले असतात.

आपण सफारीच्या जाहिरातीत 'बिग फाइव्ह' वाचतो, तो शब्दही मुळात शिकाऱ्यांचाच. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस ही पायी शिकार करताना सर्वांत धोक्याची जनावरं, म्हणून ती पाच. प्रत्यक्षात मारल्या जाणाऱ्या जनावरांत इंपाला, कुडू, स्प्रिंगबॉक, झेब्रा, रानडुक्कर यांचीच संख्या मोठी असते. वाद पेटतो तो मात्र सिंह, हत्ती आणि गेंड्यावरून.

२. म्हणजे ही चोरटी शिकारच ना?

नाही. चोरटी शिकार बेकायदा असते आणि तिला संख्येची मर्यादा नसते. एकट्या २०१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत चोरट्या शिकाऱ्यांनी १,२१५ गेंडे मारले. त्या काळात परवाना घेऊन काळा गेंडा मारण्याचा आंतरराष्ट्रीय कोटा दक्षिण आफ्रिका आणि नामिबिया यांना प्रत्येकी वर्षाला पाच इतकाच होता.

पण दोन्हींमधली भिंत कधी कधी ढासळते. व्हिएतनाममधून आलेले 'शिकारी' रीतसर परवाने काढून पांढरे गेंडे मारायचे आणि शिंगं थेट काळ्या बाजारात जायची. त्यांतल्या काहींना तर बंदूकही नीट धरता येत नव्हती. २०१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेने व्हिएतनामी नागरिकांना गेंड्याच्या शिकारीचे परवाने देणं थांबवलं. त्याच वर्षी, थाई तरुणींना शिकारी म्हणून उभं करणाऱ्या एका टोळीच्या म्होरक्याला तिथल्या न्यायालयाने ४० वर्षांची शिक्षा सुनावली. कायदेशीर दरवाजा उघडा असला की त्यातून कोण आत शिरेल यावर डोळ्यांत तेल घालून पहारा लागतो, हे मान्य करायलाच हवं.

३. कोणीही जाऊन शिकार करू शकतो का? पद्धत काय असते?

देशागणिक फरक आहेत, पण ढोबळ रीत अशी. सरकार, गावाची संस्था किंवा खासगी मालक शिकारीचा टापू एखाद्या कंपनीला भाड्याने देतो. कोणत्या जातीची किती जनावरं मारायची याचा वार्षिक कोटा ठरतो. परदेशी पाहुण्यासोबत परवानाधारक व्यावसायिक शिकारी असावाच लागतो. शिवाय माग काढणारे स्थानिक लोक असतात आणि अनेक देशांत सरकारी पहारेकरीही. दिवसाचं भाडं वेगळं, जनावराची फी वेगळी. जखमी होऊन निसटलेलं जनावर साधारणपणे मारलेलंच धरतात आणि फी भरावी लागते. टांझानियात सिंह मारायचा तर किमान २१ दिवसांची सफारी घ्यावी लागते.

त्यानंतर ट्रॉफी देशाबाहेर न्यायची तर वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराखालची कागदपत्रं लागतात. शिकार आफ्रिकेत झाली तरी तिची नाडी आयात करणाऱ्या देशाच्या हातात असते ती यामुळे (प्रश्न ११ पाहा).

४. एका जनावराचे किती पैसे मिळतात?

सर्वांत गाजलेला आकडा ३,५०,००० डॉलरचा. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या डॅलस शहरात नामिबियातला एक काळा गेंडा मारण्याचा परवाना या बोलीला गेला. गेंडा म्हातारा होता, त्याची पैदाशीची वर्षं सरली होती आणि तो कळपातल्या इतर गेंड्यांवर चालून जायचा, असं नामिबियाचं म्हणणं होतं. बोली जिंकणाऱ्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. मे २०१५ मध्ये त्याने तो गेंडा मारला. सिंहाच्या शिकारीचा खर्च हजारो डॉलरांत जातो. सेसिल सिंहाच्या वेळी (प्रश्न ५ पाहा) ५० हजारांच्या आसपासचा आकडा छापून आला होता.

५. सेसिल सिंहाचं प्रकरण नेमकं काय होतं?

सेसिल हा झिम्बाब्वेतल्या ह्वांगे राष्ट्रीय उद्यानातला १३ वर्षांचा नर. काळी आयाळ, माणसांना सरावलेला, पर्यटकांचा लाडका. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याचा माग ठेवण्यासाठी त्याच्या गळ्यात पट्टा घातला होता. जुलै २०१५ च्या सुरुवातीला उद्यानाच्या हद्दीबाहेर एका अमेरिकन दंतवैद्याने त्याला बाण मारला. सेसिल जखमी होऊन कित्येक तास तसाच राहिला आणि मग त्याला संपवलं. झिम्बाब्वे सरकारने पुढे सांगितलं की शिकाऱ्याची कागदपत्रं नियमात होती.

ते तास आम्हाला विसरता येत नाहीत. कागदपत्रं नियमात असली म्हणून ती वेदना कमी होत नाही. दोन वर्षांनी, जुलै २०१७ मध्ये, सेसिलचा मुलगा झांडा हाही ह्वांगेच्या बाहेर शिकाऱ्याकडून मारला गेला. त्याच्याही गळ्यात पट्टा होता, आणि तीही शिकार कायदेशीर होती.

६. मारून प्राणी वाचतो कसा? हे पटतच नाही.

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

पांढऱ्या गेंड्याची दक्षिणेकडची उपजात विसाव्या शतकाच्या तोंडावर शंभराच्याही खाली आली होती. उरलेले गेंडे आजच्या दक्षिण आफ्रिकेतल्या उम्फोलोझीच्या जंगलात होते. त्यांना जपलं, वाढवलं. १९६० च्या दशकात इयान प्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथले गेंडे बेशुद्ध करून दुसऱ्या जंगलांत आणि खासगी शेतांवर नेऊन सोडले. १९६८ मध्ये, गेंडे सुमारे १,८०० असताना, मर्यादित शिकार पुन्हा सुरू झाली. पुढे ही संख्या २० हजारांच्या वर गेली, ती नंतरच्या चोरट्या शिकारीमुळे पुन्हा घसरली.

शिकारीमुळे गेंडे वाढले, असं यातून सिद्ध होत नाही. वाढले ते संरक्षणामुळे आणि स्थलांतरामुळे. पण खासगी शेतमालकाने गायी काढून गेंडे का पाळले, हा प्रश्न विचारला की शिकारीची फी, जिवंत गेंड्यांची विक्री आणि पर्यटन ही तीन कारणं पुढे येतात. १९९१ च्या एका कायद्याने नीट कुंपण घातलेल्या जमिनीवरच्या वन्य जनावरांची मालकी तिथे जमीनमालकाकडे राहू लागली. आज देशातले निम्म्याहून अधिक पांढरे गेंडे खासगी मालकांकडे आहेत.

मूळ मुद्दा जमिनीचा आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत शिकारीसाठी राखलेली जमीन सुमारे १४ लाख चौरस किलोमीटर धरली होती, म्हणजे महाराष्ट्राच्या साडेचारपट. तिथल्या राष्ट्रीय उद्यानांच्या एकूण क्षेत्राहून हे जास्त आहे. उद्या शिकार थांबली तर या जमिनीवर काय येईल? जंगलच राहील असं म्हणणाऱ्याने त्या जंगलाचा खर्च कोण उचलणार तेही सांगायला हवं. नाहीतर मका येतो, गुरं येतात, आणि सिंहासाठी विषारी मांस टाकलं जातं. विष खाऊन मेलेल्या सिंहिणीचा आणि तिच्याबरोबर मेलेल्या गिधाडांचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरत नाही.

७. पण तो पैसा गावापर्यंत पोचतो का? की वरच्या वर खाल्ला जातो?

दोन्ही होतं, आणि कोणत्या देशातली गोष्ट चालली आहे यावर उत्तर ठरतं.

नामिबियाने १९९६ मध्ये कायदा करून गावांना आपल्या भागातल्या वन्यजीवांवर हक्क दिले. आज तिथे ८६ सामुदायिक संवर्धन क्षेत्रं आहेत आणि देशाची सुमारे एक पंचमांश जमीन त्यांत येते. शिकारीची फी संस्थेकडे येते, तिच्यातून गावातल्याच पहारेकऱ्यांचे पगार निघतात, मांस घरोघरी वाटलं जातं. २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं की क्षेत्र स्थापन झाल्यावर शिकारीचा लाभ साधारण तीन वर्षांत सुरू होतो आणि पर्यटनाचा सहा वर्षांत. गरीब गावाला मधली तीन वर्षं फार मोठी असतात.

बोत्सवानातल्या सांकुयो गावात शिकारीच्या पैशातून ४० कुटुंबांच्या अंगणात नळ आले आणि चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या २० घरांना संडास बांधून मिळाले. ज्या गावाच्या शेतात हत्ती घुसतात त्या गावाला नळ मिळाला, हा हिशेब गावकऱ्यांना कळतो.

आता दुसरी बाजू. झिम्बाब्वेत १९८० च्या दशकाच्या शेवटी 'कॅम्पफायर' नावाची योजना सुरू झाली. कल्पना उत्तम होती, पण हक्क गावाला न मिळता जिल्हा परिषदांना मिळाले आणि पैसा तिथेच अडकतो अशी तक्रार वर्षानुवर्षं राहिली. आणि टांझानियातल्या लोलिओंडोत तर मसाई गुराख्यांना चराऊ रानातून हुसकावलं गेलं. तिथे १९९० च्या दशकापासून अमिरातीतल्या एका कंपनीकडे शिकारीचा टापू आहे. जून २०२२ मध्ये १,५०० चौरस किलोमीटरवर सीमेचे खांब रोवायला पोलीस आले आणि रक्त सांडलं. ज्या शिकारीसाठी माणसांना त्यांच्याच रानातून घालवावं लागतं तिला संवर्धन म्हणायला आम्ही तयार नाही.

८. बंदुकीऐवजी कॅमेरा का नाही? पर्यटनातून पैसा येतोच की.

मसाई मारा, सेरेंगेटी, ओकावांगो इथे येतोच, आणि तिथे शिकारीची गरज कोणी मांडतही नाही. पण आफ्रिकेचा मोठा भाग तसा दिसत नाही. सपाट काटेरी रान, रोग पसरवणाऱ्या त्सेत्से माश्या, रस्ता नाही, विमानतळ दूर, आणि दिवसभर फिरून दोन हरणं. तुम्ही पुण्याहून दोन-तीन लाख खर्चून तिथे जाल का? शिकाऱ्याला याच गोष्टी चालतात. एक शिकारी जेवढा पैसा देतो तेवढ्यासाठी कितीतरी पर्यटक, त्यांच्या खोल्या, गाड्या आणि पाणी लागतं.

२०२० मध्ये कोविडने विमानं थांबवली तेव्हा एकट्या पर्यटनावर उभ्या असलेल्या गावांचे पहारेकरी बिनपगारी झाले. शिकारही थांबली होती, हेही खरं. एकाच कमाईवर जंगल टांगून ठेवू नये, हा धडा दोन्हींना लागू आहे.

९. केनियात १९७७ पासून शिकारबंदी आहे. तिथे तर सगळं छान चाललंय ना?

मसाई माऱ्यात गेलात तर तसं वाटतं. पण देशभरचे आकडे वेगळे आहेत. १९७७ ते २०१६ या काळात केनियातल्या वन्यप्राण्यांची संख्या सरासरी ६८ टक्क्यांनी घटली, असं हवाई गणनांवर आधारलेल्या अभ्यासात दिसलं. त्याच काळात शेळ्या-मेंढ्या आणि उंट वाढले.

शिकारीचे समर्थक हा आकडा काठीसारखा वापरतात: बघा, बंदी घातली आणि प्राणी संपले. तेवढं सोपं नाही. लोकसंख्या वाढली, कुंपणं आली, पाऊस बदलला. बंदी नसती तर काय झालं असतं हे कोणी दाखवू शकत नाही. आकड्यातून इतकंच कळतं की बंदूक थांबवली म्हणून प्राणी आपोआप वाचत नाहीत.

१०. बोत्सवानाने बंदी घातली आणि परत उठवली. का?

इयान खामा राष्ट्राध्यक्ष असताना, २०१४ मध्ये बंदी आली. त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष मोक्ग्वेत्सी मासिसी यांनी मे २०१९ मध्ये ती उठवली. देशात सुमारे १ लाख ३० हजार हत्ती आहेत, आफ्रिकेतल्या कोणत्याही देशाहून जास्त. बंदीनंतर सांकुयोसारख्या गावांची कमाई गेली, हत्ती शेतात तसेच येत राहिले. मासिसींच्या निर्णयात मतांचं राजकारण होतं हे नाकारायचं कारण नाही. पण ज्यांच्या मतांचं राजकारण झालं त्यांची पिकं खरोखर तुडवली जात होती.

वर्षाला काहीशे हत्तींच्या शिकारीने सव्वा लाखाची संख्या कमी होत नाही. म्हणून "हत्ती फार झालेत, शिकार हवी" हा युक्तिवाद कच्चा आहे. खरा युक्तिवाद भरपाईचा आहे.

११. युरोप-अमेरिकेने ट्रॉफी आणायलाच बंदी घातली तर प्रश्न मिटेल ना?

ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्सने २०१५ मध्ये सिंहाच्या ट्रॉफी बंद केल्या. अमेरिकेने त्याच वर्षअखेरीस सिंहासाठी नियम कडक केले. ब्रिटनमध्ये आयातबंदीचं विधेयक मार्च २०२३ मध्ये खालच्या सभागृहात मंजूर झालं आणि वरच्या सभागृहात अडकलं. जर्मनीत कडक नियमांची चर्चा सुरू झाली तेव्हा, एप्रिल २०२४ मध्ये, मासिसी म्हणाले की आम्ही २० हजार हत्ती जर्मनीला पाठवतो, आमच्यासारखं त्यांच्यासोबत राहून बघा. लोक हसले. हत्तीने कोणाला चिरडलं त्या घरातले हसले नसतील.

२०१९ मध्ये शंभराहून जास्त संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात पत्र लिहून सरसकट बंदीला विरोध केला. काही लेखकांना शिकारीशी संबंधित संस्थांकडून निधी मिळाल्याचं नंतर पुढे आलं आणि नियतकालिकाने हितसंबंध जाहीर करण्याचे नियम कडक केले. त्याने पत्रातला मुद्दा खोटा ठरत नाही, पण वाचणाऱ्याला हे माहीत असायला हवं.

१२. तुम्ही स्वतः कोणत्या बाजूचे?

मुंडकं भिंतीवर टांगण्यात आनंद कसला, हे आम्हाला कधीच कळलेलं नाही आणि कळावं अशी इच्छाही नाही. तरीही नामिबियातल्या गावाला न विचारता त्याची कमाई बंद करणाऱ्या अर्जावर आम्ही सही करत नाही. कुंपणातल्या सिंहांच्या शिकारीविरुद्धच्या अर्जावर (प्रश्न १४) आम्ही केली आहे.

१३. म्हातारे नरच मारतात म्हणे. मग नुकसान काय?

सिंहाच्या बाबतीत खूप. कळपाचा नर मेला की बाहेरचे नर येतात आणि आधीच्या नराचे छावे मारून टाकतात. एका गोळीत एक सिंह मेला असं दिसतं, पण मागे अख्खी पिढी जाते. म्हणून सिंहांचे अभ्यासक क्रेग पॅकर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडलं की निदान पाच-सहा वर्षं वयाचा, छावे वाढवून झालेला नरच मारावा. नाकावरचा काळा रंग वाढत जातो, त्यावरून वय ओळखता येतं. मोझांबिकमधल्या नियासा अभयारण्यात सहा वर्षांचा नियम नीट पाळला गेला. टांझानियात नियम होण्याआधी, जिथे शिकार जास्त तिथे सिंह घटले, हे पॅकर यांच्याच नंतरच्या अभ्यासात दिसलं.

हत्तींत तर 'म्हातारा म्हणजे निरुपयोगी' हे साफ चूक आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या पिलानेसबर्ग राष्ट्रीय उद्यानात मोठ्या नरांशिवाय वाढलेल्या पोरक्या तरुण हत्तींनी १९९० च्या दशकात ४० हून अधिक पांढरे गेंडे मारले. १९९८ मध्ये क्रुगर राष्ट्रीय उद्यानातून सहा थोराड नर आणून सोडले आणि हे प्रकार थांबले. ते तरुण हत्ती पोरके झाले ते ट्रॉफी शिकारीने नव्हे, हत्तींची संख्या कमी करण्यासाठी केलेल्या सरकारी कत्तलीने. पण घरात मोठं माणूस असणं म्हणजे काय, हे तिथे दिसलं.

१४. कुंपणातल्या सिंहांची शिकार म्हणजे काय?

दक्षिण आफ्रिकेत शेकडो केंद्रांत मिळून सुमारे ८,००० सिंह पिंजऱ्यात पैदा केलेले आहेत. त्याच देशाच्या जंगलांतल्या सिंहांहून कितीतरी जास्त. छावा आईपासून तोडतात, पर्यटक पैसे देऊन त्याला कुशीत घेतात, बाटलीने दूध पाजतात. मोठा झाला की कुंपणात सोडून शिकाऱ्याला मारायला देतात. हाडं आशियात विकली जातात. माणसाच्या हातून दूध प्यायलेला सिंह माणूस दिसल्यावर पळतही नाही.

याची बाजू कोणालाच मांडता येणार नाही. अमेरिकेतल्या मोठ्या शिकारी संघटनांनीही २०१८ मध्ये याला विरोध जाहीर केला. २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या तत्कालीन मंत्री बार्बरा क्रीसी यांनी हा धंदा संपवण्याची समितीची शिफारस स्वीकारली, पण अंमलबजावणी रेंगाळली आहे.

सहलीला जाणाऱ्यांना हात जोडून विनंती: छाव्यासोबत फोटो काढू नका, 'अनाथ छाव्यांची सेवा' म्हणून पैसे भरू नका.

१५. भारतात १९७२ पासून बंदी आहे आणि वाघ वाढले. आफ्रिकेला हे का जमत नाही?

२००६ च्या गणनेत १,४११ आणि २०२२ च्या गणनेत सरासरी अंदाजाने ३,६८२ वाघ. अभिमान वाटावा असाच आकडा. पण आपल्याकडे जंगल सरकारचं, वनखातं सरकारचं, खर्च करदात्याचा. नामिबियासारख्या विरळ वस्तीच्या देशाकडे तेवढी तिजोरी नाही. आणि आपलं यश फुकट आलेलं नाही. ताडोब्याभोवतालच्या गावांतली माणसं मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला जातात आणि काही परत येत नाहीत. आपण वाघाची किंमत त्यांच्याकडून घेतो. आफ्रिकेला शहाणपण शिकवण्याआधी हे आठवावं.

१६. कुनोत आलेले पहिले चित्ते नामिबियाचे. तिथे चित्त्याची शिकार चालते हे खरं का?

खरं आहे. सायटीसखाली नामिबियाला जिवंत चित्ते आणि ट्रॉफी मिळून वर्षाला १५० चा निर्यात कोटा आहे. तिथले बरेच चित्ते उद्यानाबाहेर, गुरांच्या खासगी रानांत राहतात. चित्ते वासरं मारतात म्हणून शेतकरी त्यांना गोळी घालायचे. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेले आठ चित्ते अशा देशातून आले जिथे चित्ता मारायची परवानगी मिळते आणि तरीही चित्ता टिकून आहे. आपल्याकडून तो स्वातंत्र्याच्या सुमाराला संपला, आणि त्यात आपल्या संस्थानिकांच्या शिकारीचाही वाटा होता.

१७. नामिबियाने २०२४ मध्ये ७२३ जनावरं मारायचं ठरवलं, तीही ट्रॉफी शिकारच का?

नाही. भीषण दुष्काळात लोकांना मांस देण्यासाठी आणि चाऱ्यावरचा ताण कमी करण्यासाठी तो सरकारी निर्णय होता. त्यात ३०० झेब्रे, ८३ हत्ती, ३० पाणघोडे होते. मारायचं काम काही ठिकाणी व्यावसायिक शिकाऱ्यांना दिलं, म्हणून गोंधळ झाला.

१८. सफारीवरून येताना हस्तिदंताचं छोटं लॉकेट आणलं तर चालेल?

नाही. दुकानदाराने पावती दिली तरी नाही. भारतात आफ्रिकन हस्तिदंताच्या व्यापारालाही वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीपासून बंदी आहे, आणि विमानतळावर सापडलं तर प्रकरण साधं राहत नाही.

१९. हत्ती एका देशात जपला आणि सीमेपलीकडे मारला, असं होऊ शकतं का?

होतं. केनियातल्या अंबोसेलीचे हत्ती १९७२ पासून अभ्यासले जात आहेत. त्यांची घराणी, नावं, वयं नोंदलेली आहेत. पण हत्ती चरत चरत टांझानियातल्या एंडुइमेट भागात जातात आणि तिथे शिकार कायदेशीर आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यात काही नर मारले गेल्यावर त्या पट्ट्यात शिकार न करण्याचा अलिखित समझोता झाला. तो जवळजवळ तीस वर्षं टिकला. सप्टेंबर २०२३ पासून मात्र तिथे किमान पाच मोठे नर मारले गेले. त्यांत असेही होते ज्यांचा एकेक सुळा ४५ किलोच्या घरातला. असे नर आता अख्ख्या आफ्रिकेत मोजकेच आहेत.

टांझानियाचा कायदा मोडला गेला नाही. कोटाही कदाचित ओलांडला गेला नसेल. पण या घराण्यातला नर पस्तिशीनंतर खऱ्या अर्थाने पैदाशीला लागतो, आणि शिकाऱ्याला हवे असतात ते नेमके तेवढ्या वयाचे सुळे. तो समझोता पुन्हा व्हावा, आणि या वेळी तो कागदावर असावा.